अपग्रेडनंतर मंदावलेला सर्व्हर

संगणक पूर्ण बंद पडला तर एक बरे असते. तो बंद आहे याबद्दल कोणाचे दुमत नसते. मंदावलेल्या संगणकाचे तसे नाही. दिवे लुकलुकत असतात, फाइल उघडते, छपाईही होते. फक्त काल जे दहा सेकंदांत होत होते त्याला आज तीन मिनिटे लागतात. वापरणारे म्हणतात, "नवीन केल्यापासून बिघडले." करणारा म्हणतो, "सगळे व्यवस्थित चालू आहे." दोघेही खरे बोलत असतात, आणि म्हणूनच वाद मिटत नाही.

आपल्या वाचकांत संगणकक्षेत्रातली मंडळी पुष्कळ आहेत. पण ज्यांच्या दवाखान्यात, कर-सल्ल्याच्या कार्यालयात किंवा लहानशा व्यवसायात एखादा लिनक्स सर्व्हर कपाटात किंवा टेबलाखाली मुकाट्याने काम करतो आहे, अशीही बरीच आहेत. हा सर्व्हर बहुधा कोणीतरी ओळखीच्याने वर्षांपूर्वी लावून दिलेला असतो आणि तो चालतो आहे तोवर त्याची कोणाला आठवण येत नाही. आठवण करून देते ती सॉफ्टवेअरची मुदत. उदाहरणार्थ, अशा सर्व्हरांवर खूप प्रचारात असलेले सेंटओएस ७ हे २०१४ साली आले आणि ३० जून २०२४ ला त्याची मुदत संपली. त्या दिवसानंतर त्यात सापडणाऱ्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळ मिळणे थांबले. रुग्णांची किंवा अशिलांची कागदपत्रे ठेवलेल्या यंत्रावर असे सॉफ्टवेअर चालू ठेवणे म्हणजे दाराचे कुलूप मोडले आहे हे माहीत असून गावाला जाणे.

म्हणून अपग्रेड करावेच लागते. आणि अपग्रेडनंतर नेटवर्क मंदावले की पहिला विचार मनात येतो तो मागे फिरण्याचा: "जुनेच बरे होते, तेच परत घाला." हा लेख त्या मागे फिरण्याच्या विरुद्ध आहे. अशा मंदपणाची कारणे मोजकी असतात, ती ओळखता येतात, आणि बहुतेक वेळा एक पैसाही खर्च न करता दूर करता येतात. मात्र त्यासाठी अंदाज बाजूला ठेवून मोजायला बसले पाहिजे.

मंद म्हणजे किती मंद?

"स्लो आहे" ही तक्रार झाली, माप नव्हे. मापासाठी आधी यंत्राची मूळ कुवत माहीत हवी. आज साध्या सर्व्हरातही किमान एक गिगाबिटचे नेटवर्क कार्ड असते, म्हणजे सेकंदाला १०० कोटी बिट. पण ही सगळी जागा आपल्या फाइलला मिळत नाही. माहिती १५०० बाइटच्या पाकिटांतून जाते. प्रत्येक पाकिटावर पत्ता, तपासणीचा आकडा आणि दोन पाकिटांमधली सक्तीची मोकळी जागा धरून तारेवर १५३८ बाइट खर्च होतात. त्यातले आपल्या कामाचे असतात सहसा १४४८. हा भागाकार केला की सेकंदाला ९४१ मेगाबिट एवढा आकडा येतो. बाइटच्या भाषेत सुमारे ११७ मेगाबाइट.

हा ९४१ आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आयपर्फ३ नावाचे एक मोफत साधन आहे. सर्व्हरवर एक आणि दुसऱ्या संगणकावर एक असे ते चालवले की ते एका स्मृतीतून दुसऱ्या स्मृतीत माहिती ढकलते आणि वेग सांगते. मधे डिस्क नाही, फाइल नाही, पासवर्ड नाही. गिगाबिटच्या जाळ्यात त्याने ९४० च्या आसपास उत्तर दिले तर तार, स्विच, कार्ड आणि ड्रायव्हर हे चौघेही निर्दोष सुटले. दोष डिस्कमध्ये किंवा फाइल वाटणाऱ्या प्रोग्राममध्ये शोधायचा. ९४ च्या आसपास उत्तर आले तर जोडणी गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर उतरली आहे असे जवळजवळ डोळे मिटून सांगता येते. आणि उत्तर २, ५ किंवा १० असे काहीतरी वेडेवाकडे, दर सेकंदाला बदलणारे आले तर पाकिटे वाटेत हरवत आहेत. ही चाचणी दोन्ही दिशांनी करावी. पुष्कळदा सर्व्हरकडे जाणारी वाट साफ असते आणि सर्व्हरकडून येणारी तुंबलेली असते.

या आकड्यांचा व्यवहारातला अर्थ असा: १० गिगाबाइटचा बॅकअप ९४१ मेगाबिटने दीड मिनिटाच्या आत जातो, ९४ ने त्याला सुमारे १४ मिनिटे लागतात, आणि १ मेगाबिटने बावीस तासांहून जास्त. रात्रीचा बॅकअप दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतो आहे असे कळले की तक्रार कोणत्या खान्यात बसते ते लगेच समजते.

गाडी तीच, ड्रायव्हर नवा

अपग्रेडमध्ये नक्की बदलते काय? कार्ड तेच असते, तार तीच, स्विचही तोच. बदलतो तो कर्नेल आणि त्याच्याबरोबर येणारा कार्डाचा ड्रायव्हर. गाडी तीच पण ड्रायव्हर नवा, असा प्रकार. नवा ड्रायव्हर वाईट असतो असे नाही, पण त्याच्या सवयी वेगळ्या असतात आणि जुन्याला तोंडी सांगून ठेवलेल्या सूचना त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या नसतात.

लिनक्सच्या सुरुवातीच्या काळात, १९९० च्या दशकात, बहुतेक नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करणाऱ्या डोनाल्ड बेकर यांनी लिहिले. पुढे कार्डे बनवणाऱ्या कंपन्याही ड्रायव्हर देऊ लागल्या आणि एकाच कार्डाला दोन ड्रायव्हर असण्याची पद्धत पडली. रिअलटेकच्या स्वस्त गिगाबिट चिपचे उदाहरण घ्या. ही चिप असंख्य मदरबोर्डांवर असते. कर्नेलबरोबर येणारा तिचा ड्रायव्हर आर८१६९, आणि कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर आर८१६८. कोणीतरी पूर्वी कंपनीचा ड्रायव्हर मुद्दाम बसवलेला असतो. अपग्रेडमध्ये नवा कर्नेल येतो, त्याच्यासाठी तो ड्रायव्हर पुन्हा बांधला जात नाही, आणि कर्नेल गुपचूप आपला स्वतःचा ड्रायव्हर लावतो. कधी तो अधिक चांगला चालतो, कधी त्या विशिष्ट चिपशी त्याचे जमत नाही.

कोणता ड्रायव्हर चालू आहे हे ईथटूल नावाच्या आज्ञेने एका ओळीत कळते. हीच आज्ञा जोडणीचा वेग, ड्युप्लेक्स आणि चुकांचे हिशेबही दाखवते. नेटवर्कच्या वैद्याची नाडीपरीक्षा म्हणजे ईथटूल.

दोन टोकांचा करार

तारेच्या एका टोकाला सर्व्हरचे कार्ड आणि दुसऱ्या टोकाला स्विच असतो. काम सुरू होण्याआधी या दोघांत बोलणी होतात: तू किती वेगाने बोलू शकतोस, आणि आपण एकाच वेळी बोलायचे की आळीपाळीने? एकाच वेळी बोलणे-ऐकणे म्हणजे फुल ड्युप्लेक्स. आळीपाळीने म्हणजे हाफ ड्युप्लेक्स.

आळीपाळीची पद्धत मूळची. इथरनेटचा जन्म १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात झाला. बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज हे त्याचे जनक. तेव्हा सगळे संगणक एकाच केबलवर असत. दोघे एकदम बोलले की टक्कर होई, दोघे थांबत आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करीत. पुढे स्विच आले, प्रत्येकाला स्वतंत्र तार मिळाली आणि टक्कर होण्याचे कारणच उरले नाही. १९९५ साली १०० मेगाबिटच्या इथरनेटचे मानक आले आणि त्याच्याबरोबर ही आपोआप बोलणी करण्याची पद्धतही आली. सुरुवातीच्या उपकरणांत ती नीट जमत नसे. म्हणून त्या काळातले व्यवस्थापक दोन्ही टोकांना हाताने "१०० मेगाबिट, फुल ड्युप्लेक्स" असे ठोकून ठेवत. त्या काळी हा शहाणपणा होता. पण त्या सवयीचे अवशेष आजही जुन्या स्विचांच्या आणि सर्व्हरांच्या मांडणीत सापडतात.

आता एका टोकाने वेग ठोकून ठेवला आणि दुसऱ्याने बोलणी करायचा प्रयत्न केला तर काय होते? ठोकलेले टोक बोलणीच करत नाही. दुसऱ्या टोकाला तारेवरच्या संकेतावरून वेग ओळखता येतो, पण ड्युप्लेक्स ओळखता येत नाही. नियम असा की कळले नाही तर हाफ धरायचे. म्हणजे एक टोक फुल, दुसरे हाफ. एकजण सतत बोलतो. दुसऱ्याला ते आपल्या बोलण्यात आलेले विघ्न वाटते आणि तो मधेच थांबतो, अर्धे पाकीट तसेच टाकून.

या दोषाचे कपट असे की तो पिंगमध्ये दिसत नाही. पिंग म्हणजे एक छोटे पाकीट जाते, एक परत येते. दोघे एकदम बोलायची वेळच येत नाही. मोठी फाइल सुरू झाली की दोन्ही बाजूंनी वाहतूक होते आणि मग वेग रांगू लागतो. त्याची खूण हिशेबात सापडते: हाफ असलेल्या टोकाला "लेट कोलिजन", म्हणजे उशिराने झालेल्या टकरी, फुल असलेल्या टोकाला तपासणीच्या आकड्याच्या, म्हणजे सीआरसीच्या चुका. हे दोन आकडे वाढताना दिसले की निदान झाले.

पण मग हे अपग्रेडनंतरच का व्हावे? याचे उत्तर एका बदललेल्या नावात आहे.

नाव बदलले आणि सूचना हरवली

पूर्वी लिनक्समध्ये पहिल्या कार्डाचे नाव ईथ०, दुसऱ्याचे ईथ१ असे सरळ असे. पण दोन कार्डे असली की कोणते आधी सापडेल याची खात्री नसे. म्हणून जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीत नवी पद्धत आली: कार्ड मदरबोर्डवर कुठे बसले आहे त्यावरून नाव. तेव्हापासून ईथ० चे ईएनपी३एस० यासारखे काहीतरी होते. हेतू चांगला होता. पण जुन्या सूचना जुन्या नावाने लिहिलेल्या असतात.

धरून चालू की पाच-सहा माणसांचे एक कर-सल्ल्याचे कार्यालय आहे. सर्व्हर जुना, स्विच त्याहून जुना. स्विचवर सर्व्हरचे भोक "१०० फुल" असे ठोकलेले आणि सर्व्हरवर ईथ० च्या मांडणीच्या फाइलीत तीच सूचना. दोन्ही टोके जुळलेली, त्यामुळे दहा वर्षे कुरबूर नाही. मार्चमध्ये अपग्रेड होते. कार्डाला नवे नाव मिळते. नव्या नावाची फाइल आपोआप तयार होते. तिच्यात पत्ता बरोबर असतो, त्यामुळे जोडणी होते, पण वेगाची ती एक ओळ नसते. कार्ड बोलणी करू पाहते, स्विच बोलत नाही, आणि कार्ड हाफवर जाते. १५ एप्रिल तोंडावर आलेला, अशिलांची विवरणे उघडायला दोन-दोन मिनिटे, आणि सगळ्यांचा राग नव्या लिनक्सवर. वास्तविक नव्या लिनक्सने काहीच बिघडवलेले नाही. एका टोकाने करार विसरला, एवढेच.

इलाज साधा: दोन्ही टोकांना "आपोआप" ठेवावे. गिगाबिटला तर तांब्याच्या तारेवर बोलणी सक्तीचीच आहेत. १९९९ च्या त्या मानकात दोघांपैकी घड्याळ कोणाचे पाळायचे हेसुद्धा बोलणीतच ठरते. आणि बोलणी होऊनही जोडणी १०० वर अडकत असेल तर तार बदलून पाहावी. १०० मेगाबिटला तारेच्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. एक जोडी तुटलेली तार वर्षानुवर्षे १०० वर सुखाने चालते.

नावाबरोबर हरवणारी दुसरी सूचना म्हणजे पाकिटाचा आकार, एमटीयू. नेहमीचा आकार १५००; पण मोठ्या फाइली हलवणारे काहीजण तो ९००० करून ठेवतात. वाटेतल्या सगळ्यांनी ९००० मानले तर फायदा होतो. एकजण जरी १५०० वर राहिला तर मोठी पाकिटे त्याच्या दारात अडतात. लक्षण ठरलेले: लॉगिन होते, फाइलींची यादी दिसते, आणि मोठी फाइल उघडताच सगळे गोठते. याची परीक्षा पिंगनेच करता येते. "पाकिटाचे तुकडे करू नकोस" असे बजावून आधी १४७२ बाइटचे आणि मग ८९७२ बाइटचे पिंग पाठवावे. दोन्ही आकड्यांत शीर्षकाचे २८ बाइट मिळवले की १५०० आणि ९००० होतात. पहिले पोहोचले आणि दुसरे नाही, तर वाटेत कोणीतरी लहान दाराचा आहे.

दारावरची घंटा

आता समजा, जोडणी गिगाबिटची आहे, ड्युप्लेक्स फुल आहे, चुका शून्य आहेत, तरी वेग ३०० वर अडला आहे. मग सर्व्हरचा प्रोसेसर काय करतो आहे ते पाहायचे.

गिगाबिटच्या तारेवरून मोठी पाकिटे सेकंदाला ८१ हजारांहून जास्त येऊ शकतात, आणि अगदी लहान पाकिटे १४ लाख ८८ हजार. पूर्वी प्रत्येक पाकिटाला कार्ड प्रोसेसरची घंटा वाजवी. पोस्टमनने प्रत्येक पत्राला बेल वाजवली तर घरातल्या माणसाचा दिवस दार उघडण्यातच जाईल, तसे प्रोसेसरचे होई. २००१ च्या सुमारास लिनक्समध्ये नापी नावाची सुधारणा तयार झाली. घंटा एकदा वाजली की ती बंद करायची आणि पेटी रिकामी होईपर्यंत आपणच पत्रे काढत राहायचे. पुढे जीआरओ आले: एकाच संवादाची लागोपाठची पाकिटे एकत्र बांधून वर एकच गठ्ठा द्यायचा. काही कामे तर कार्डानेच करावीत, उदाहरणार्थ तपासणीचा आकडा काढणे किंवा मोठ्या गठ्ठ्याची पाकिटे पाडणे, अशी सोय झाली. या सगळ्याला ऑफलोड म्हणतात.

नव्या ड्रायव्हरने यातले काय चालू ठेवले आहे आणि काय बंद, हे ईथटूल सांगते. ती यादी अपग्रेडपूर्वीच्या यादीशी ताडून पाहावी. काही ऑफलोड बंद पडले असतील तर प्रोसेसरवर भार येतो. उलट चालू असलेले एखादे ऑफलोड त्या चिपमध्ये सदोष असेल तर पाकिटे बिघडतात. एक जोडी मात्र पक्की लक्षात ठेवावी: पाकिटे पुढे पाठवणारा सर्व्हर, म्हणजे राउटर किंवा आभासी यंत्रांचा पूल, आणि एलआरओ नावाचे ऑफलोड यांचे पटत नाही. एलआरओ पाकिटे अशी चिकटवते की ती पुढे पाठवताना पूर्वीसारखी सुटी करता येत नाहीत. तिथे एलआरओ बंद ठेवणे हाच नियम आहे.

प्रोसेसरला आठ गाभे आहेत आणि टॉप या आज्ञेत एकच गाभा शंभर टक्के घामाघूम, बाकीचे सात झोपलेले, असे चित्र दिसले तर घंटा एकाच्याच दारावर वाजते आहे. हे काम वाटून देणारी आयआरक्यूबॅलन्स नावाची सेवा असते. अपग्रेडनंतर ती चालू आहे का हे पाहायला विसरू नये. सर्व्हर आभासी यंत्र असेल तर त्याला दिलेले कार्ड कोणत्या प्रकारचे आहे तेही पाहावे. जुन्या इंटेल ई१००० कार्डाची हुबेहूब नक्कल करणे महाग पडते. व्हर्टआयओसारखे आभासी यंत्रांसाठीच बनवलेले कार्ड तेच काम पुष्कळ स्वस्तात करते.

आणखी एक संशयित म्हणजे वीज वाचवण्याच्या सोयी. २०१० च्या मानकानुसार वाहतूक नसताना तारेची दोन्ही टोके डुलकी घेऊ शकतात. तसेच कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातला दुवाही एएसपीएम या सोयीने झोपतो. लॅपटॉपला हे ठीक. सर्व्हरवर मात्र जागे होण्याचा उशीर प्रत्येक छोट्या कामाला लागतो. रिअलटेकच्या ड्रायव्हरमध्ये ही सोय कोणत्या चिपला चालू ठेवावी याचे निर्णय कर्नेलच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत बदलत आले आहेत. म्हणून या चिपच्या बाबतीत ती बंद करून मोजून पाहणे हा रास्त प्रयोग आहे.

इथे वेगवान, पुण्याला मंद

आपल्यापैकी अनेकांच्या कामात दुसरे टोक भारतात असते. कधी ते पुण्यातले सहकारी, कधी घरचे फोटो सर्व्हरवरून पाहणारे आई-वडील. अपग्रेडनंतर इथल्या कार्यालयात काही फरक जाणवत नाही आणि तिकडून मात्र तक्रार येते. ती खोटी नसते.

प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. न्यूयॉर्क ते मुंबई हे सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या घरात आहे; म्हणजे जाऊन-येऊन आठवा हिस्सा सेकंद तरी हवाच, आणि केबलची वळणे धरून तो पाव सेकंदाच्या जवळ जातो. पाकीट हरवले हे पाठवणाऱ्याला कळायलाही तेवढाच वेळ. हरवले की टीसीपी वेग अर्ध्याच्या आसपास आणतो आणि हळूहळू वाढवतो. आणि ही वाढ प्रत्येक फेरीमागे होते. याचे गणित मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडले: वेग फेरीच्या वेळाच्या आणि हरवण्याच्या प्रमाणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यांच्या सूत्राप्रमाणे शंभरात एक पाकीट हरवत असेल, तर एक सहस्रांश सेकंदाच्या कार्यालयीन जाळ्यात १४० मेगाबिट तरी मिळतात, पण ०.२ सेकंदाच्या समुद्रापारच्या वाटेवर मिळतो पाऊण मेगाबिटसुद्धा नाही. लिनक्सच्या आजच्या पद्धती यापेक्षा थोड्या बऱ्या वागतात, पण धडा तोच. कार्डातला जो किरकोळ दोष शेजारी बसलेल्याला जाणवतही नाही, तो दूरच्या माणसाचे काम थांबवतो.

दुसरा मुद्दा खिडकीचा. पोच येण्यापूर्वी किती माहिती पाठवून ठेवायची याला टीसीपीत विंडो म्हणतात. मूळ रचनेत ती ६५,५३५ बाइटपर्यंतच जाई. ०.२ सेकंदाच्या फेरीवर याचा अर्थ सेकंदाला जेमतेम २.६ मेगाबिट, तार कितीही रुंद असो. ती मोठी करण्याची युक्ती म्हणजे विंडो स्केलिंग. २००४ साली लिनक्स कर्नेलने या युक्तीचा वापर वाढवला आणि काही लोकांना अमुक संकेतस्थळे अचानक गोगलगाईच्या गतीने उघडू लागली. शोध घेतल्यावर दिसले की वाटेतले काही सदोष राउटर त्या सूचनेचा आकडाच पुसून टाकत होते. कर्नेल नियमाप्रमाणे वागत होता. दोष आधीपासून वाटेत होता आणि नव्या कर्नेलने तो फक्त उघडा पाडला.

मंदपणाने मोठी विद्या जन्माला घातल्याचेही उदाहरण आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातल्या दुव्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर घसरला. दोन्ही ठिकाणांत अंतर ४०० यार्ड. तार तुटलेली नव्हती. व्हॅन जेकबसन यांनी "हे इतके मंद का?" हा प्रश्न सोडला नाही, आणि त्यातून १९८८ साली गर्दी ओळखून वेग कमी-जास्त करण्याची ती पद्धत आली जिच्यावर इंटरनेट आजही उभे आहे.

नेटवर्क निर्दोष असते तेव्हा

काही वेळा मंदपणाला फार नेमका आकडा असतो. प्रत्येक जोडणी सुरू व्हायला बरोबर ५ सेकंद लागतात, आणि एकदा सुरू झाली की गती पूर्ण. हे कार्डाचे काम नव्हे. लिनक्समध्ये नावावरून पत्ता विचारणारी यंत्रणा उत्तर न आल्यास ५ सेकंद थांबून पुन्हा विचारते. अपग्रेडमध्ये नामसेवकाचा जुना, बंद पडलेला पत्ता यादीत पहिला आला असेल तर हे होते. यादी दुरुस्त करावी. कार्डाला हात लावू नये.

क्रम

एवढी सगळी कारणे ऐकून गोंधळायला नको. क्रम पाळला तर बहुतेक वेळा तासाभरात उत्तर मिळते.

पहिले, आयपर्फ३ ने दोन्ही दिशांनी मोजा आणि आकडा कागदावर लिहा. दुसरे, ईथटूलने वेग, ड्युप्लेक्स आणि ड्रायव्हर पाहा. तिसरे, चुकांचे हिशेब एकदा पाहा, मोठी फाइल पाठवा, पुन्हा पाहा. एकूण आकडा महत्त्वाचा नाही, वाढला का ते महत्त्वाचे. चौथे, तार आणि स्विचचे भोक बदला. पाचवे, एमटीयूची पिंग-परीक्षा. सहावे, ऑफलोड आणि वीजबचतीच्या सोयी एकेक करून बदला आणि प्रत्येक बदलानंतर मोजा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गुण आला, तर औषध कोणते होते ते कधीच कळत नाही. आणि आज्ञेने केलेला बदल यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर टिकत नाही, म्हणून उपाय सापडला की तो मांडणीच्या फाइलीत, कार्डाच्या नव्या नावाने, लिहून ठेवा.

याशिवाय एक निर्णायक चाचणी हाताशी आहे. यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या यादीत बहुधा आधीचा कर्नेल शिल्लक असतो. नसेल तर जुन्या आवृत्तीची पेन ड्राइव्ह करून तिच्यावरून यंत्र सुरू करता येते. त्याच तारेवर, त्याच स्विचवर जुन्या कर्नेलने ९४१ दिले आणि नव्याने ३००, तर दोष ड्रायव्हरात किंवा त्याच्या मांडणीत आहे हे सिद्ध झाले. दोघांनीही ३०० दिले, तर अपग्रेडचा संबंधच नाही. तार किंवा स्विच त्याच सुमारास बिघडला, किंवा मंदपणा आधीपासूनच होता आणि कोणी मोजला नव्हता. पण हा जुना कर्नेल साक्षीपुरता बोलवायचा. त्याला परत घरात राहायला ठेवायचे नाही, कारण ज्या कारणासाठी अपग्रेड केले ते कारण कुठे गेलेले नसते.

यावरून सर्वांत उपयोगी काम कोणते ते लक्षात येईल, आणि ते अपग्रेडच्या आदल्या दिवशी करायचे असते. सर्व्हर नीट चालू असतानाच आयपर्फ३ चे दोन्ही दिशांचे आकडे, कार्डाचे नाव, ड्रायव्हर, वेग, ड्युप्लेक्स, एमटीयू आणि ऑफलोडची यादी काढून ठेवावी. छापावी आणि सर्व्हरच्याच कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी. या कामाला पंधरा मिनिटे लागतात. तुमचा सर्व्हर दुसरे कोणी सांभाळत असेल तर त्यांना एवढेच विचारा: "अपग्रेडच्या आधीचे आकडे लिहून ठेवले आहेत ना?" उत्तर "नाही" असेल, तर अपग्रेड एक दिवस पुढे ढकला आणि तो कागद आधी तयार करून घ्या.